उलाळ झालेलं घर: पिकअपवरच्या एका डब्याचं प्रकरण

जांबोटी मागे पडली, अंधार झाला, आणि माझ्या शाळेतल्या सरांच्या लक्षात आलं की आपल्या गाडीचे दिवे रस्त्यावर पडतच नाहीयेत. समोरच्या झाडांच्या फांद्या लख्ख दिसत होत्या, पानं मोजता आली असती. खालचा डांबरी रस्ता मात्र काळाच. समोरून येणारी प्रत्येक गाडी डिपर मारून जात होती. सरांना वाटलं दिवे वर झाले असतील, उद्या बघू. पुढे एका मोरीवर गाडीनं हिसका खाल्ला, नाक वर-खाली झालं, आणि लगेचच्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी दोन-तीन हात सरळच गेली. मग चाकांनी रस्ता धरला. गाडी कडेच्या लाल मातीत थांबली. कुणाला इजा झाली नाही. शेजारी बसलेल्या काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, मांडीवरचा डबा तेवढा उलटला.

त्या पिकअपवरचा राहण्याचा डबा मी बांधला होता. म्हणून हे प्रकरण मीच लिहायला हवं, आणि आकड्यांसकट. आपल्याकडे हल्ली अशा डब्यांची चौकशी वाढली आहे. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथे ट्रॉल्या आणि दूधगाड्यांचे डबे होतात. गेल्या दोन वर्षांत "पिकअपवर घर करून द्याल का" असं विचारत पाच-सहा जण येऊन गेले. यातल्या प्रत्येकाने, आणि त्यांना डबा बांधून देणाऱ्याने, पुढचं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

सर खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक बेत आखला: मलप्रभेच्या उगमापासून तिच्या काठाकाठाने जायचं. कणकुंबीला नदी उगवते, खानापूरवरून खाली उतरते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, मग पट्टदकल, ऐहोळे करत कूडलसंगमला कृष्णेला मिळते. ३०४ किलोमीटरची नदी. वाटेत हलशी, देगावचं कमलनारायण मंदिर, सौंदत्तीचा किल्ला, बदामी. सरांना प्रत्येक ठिकाणी दोन-चार दिवस राहून शिलालेख वाचायचे होते. लॉजवर राहिलं तर ते जमत नाही, आणि काकूंना मधुमेह आहे. वेळेवर घरचं जेवण हवं, इन्सुलिनचा साठा गार राहायला हवा, रात्री उठलं की संडास जवळ हवा. म्हणून घरच बरोबर न्यायचं ठरलं. सरांनी जुनी सिंगल केबिन पिकअप घेतली आणि माझ्याकडे आले.

खरी गडबड इथे झाली, रस्त्यावर नव्हे.

काकूंना ओटा मागच्या बाजूला हवा होता. मागचं झाकण वर उचललं की त्याच्या सावलीत उभं राहून स्वयंपाक करता येईल, धूर-वाफ आत कोंडणार नाही. मागणी अगदी शहाण्या बाईची होती. पाण्याला मोटर नको, नळ सोडला की पाणी आलं पाहिजे, म्हणून १५० लिटरची टाकी ओट्याच्या वर, छताला लागून बसवली. ओट्याखाली रिकामी जागा दिसली, तिथे फ्रिज आणि इन्व्हर्टरसाठी १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि घरगुती सिलिंडर ठेवला. पूर्ण लांबीचा पलंग बसेना, म्हणून डबा हौद्याच्या मागे दोन फूट बाहेर काढला. सांगाडा इंचाच्या अँगलचा, आत १८ मिलीमीटरचं प्लाय. सर म्हणाले, "मजबूत कर रे बाबा, म्हातारपणाचं घर आहे." मी मजबूत केलं. वजन डोळ्यानं धरलं, साडेचारशे किलो. काट्यावर नेलं नाही.

मधे एकदा मला वाटलं होतं की सगळंच शेपटीकडे चाललंय. बोललो नाही. ज्यांच्यासमोर हात बांधून उभा राहिलो त्या माणसाला "सर, हे चुकतंय" म्हणायला जीभ उचलत नाही. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर सरळ सांगितलं असतं. मी ओळखीच्या सगळ्या फॅब्रिकेटरांना सांगतो, ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांच्याच कामात तोंड आधी उघडा.

पहिल्या दोन फेऱ्या येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे झाल्या. टाकी पाव भरलेली, सामान नाही. गाडी छान चालली. तिसऱ्या खेपेला चाळीस दिवसांचं सामान भरलं, टाकी काठोकाठ भरली, आणि ते निघाले.

त्या रात्री साडेआठला सरांचा फोन आला. मी म्हणालो, "मागच्या चाकांत हवा वाढवून घ्या." हा सल्लाही चुकीचाच. हवा वाढवल्यावर गाडीचं बूड थोडं वर दिसलं असतं आणि मूळ दुखणं झाकलं गेलं असतं. खरं निदान केलं ते कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांनी. तरुणपणी ते बैलगाडीतून भात घेऊन जांबोटी ओलांडून जायचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या मडगार्डला घासून चकाकलेल्या टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मागनं जड केलायसा नव्हं? गाडी उलाळ झालीया ही."

उलाळ. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरलो होतो. बैलगाडीत माल आखाच्या मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, चढाला तर गाडी मागे कलंडते. म्हणून गाडी भरणारा माणूस आधी पोती आखावर रचतो, मग थोडी पुढे घेतो, आणि दांडी हातानं उचलून धुरेवर किती वजन येतंय ते बघतो. मानेला ओझं होऊ नये आणि जू हलकंही पडू नये. पिकअपला जू नाही, पण पुढची दोन चाकं आहेत. वळवायचं काम त्यांचंच, ब्रेकचं निम्म्याहून जास्त कामही त्यांचंच. त्यांच्यावरचा भार उचलला गेला की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन कणकुंबीला गेलो. टाकी रिकामी केली, बॅटऱ्या माझ्या टेम्पोत घेतल्या आणि सरांची गाडी सावकाश बेळगावला आणली. शेडवर येऊन पाणी परत भरलं, बॅटऱ्या परत चढवल्या, सामान होतं तसं ठेवलं, सर-काकूंना केबिनमध्ये बसवलं आणि गाडी वजनकाट्यावर नेली. रिकामी गाडी तोलून काही कळत नाही. ज्या भाराने ती रस्त्यावर चालणार, तोच भार काट्यावर हवा.

काट्यावर तीन वजनं घ्यायची असतात आणि काटेवाल्याला ते आधी सांगावं लागतं, नाहीतर तो एकच चिठ्ठी फाडून देतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची. मग पूर्ण गाडी. मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची. पहिलं आणि तिसरं वजन मिळून दुसऱ्याच्या जवळपास यायला हवं. नाही आलं तर काट्याच्या तोंडाशी उतार आहे, परत तोला.

आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन १,६१० किलो, भरून जास्तीत जास्त २,९१०. पुढच्या ॲक्सलची, म्हणजे आखाची, मर्यादा १,२००, मागच्याची १,८५०. डबा बसवण्याआधी मोकळी गाडी पुढे ९२० आणि मागे ६९० होती. आता काट्यावर आलं: एकूण २,९३०, पुढे ७९०, मागे २,१४०.

हे आकडे पाहून मी काटेवाल्याच्या बाकावर बसलो. एकूण वजन मर्यादेपेक्षा फक्त २० किलोने जास्त. मी एकच चिठ्ठी घेतली असती तर "थोडं सामान कमी करा" म्हणून मोकळा झालो असतो. पण मागचा ॲक्सल २९० किलोने जादा भरला होता. आणि पुढची चाकं, केबिनमध्ये दोन माणसं बसलेली असताना, मोकळ्या गाडीपेक्षाही १३० किलोने हलकी झाली होती. वर बसवलेलं ओझं पुढची बाजू उचलत होतं.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही दीड मीटर मागे. १५० गुणिले दीड, भागिले तीन, म्हणजे ७५. टाकीतलं १५० किलो पाणी मागच्या ॲक्सलवर २२५ किलो होऊन बसतं आणि पुढच्या चाकांवरचे ७५ किलो काढून घेतं. बॅटऱ्या दोन मिळून ११० किलो, त्या टाकीपेक्षाही मागे. डब्याचं रिकामं वजन तोलल्यावर ६२० निघालं. माझा अंदाज १७० किलोने चुकला होता. त्यात पाणी छताशी, म्हणजे वळणावर सगळा भार बाहेरच्या अंगाला झोका घेणार. मोरीवरचा हिसका आणि वळणावरचं ते सरळ जाणं, दोन्ही यातच होतं.

आता काय काढायचं हा प्रश्न होता, आणि मी परत गप्प बसलो होतो. काकूंनीच सुरुवात केली. डब्यातली एकेक वस्तू शेडच्या फरशीवर मांडायला लावली, माझा छोटा प्लॅटफॉर्म काटा ओढून आणला आणि वहीत लिहायला बसल्या. लोखंडी कढई चार किलो. पितळी डबे. तांदळाचं पोतं. घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोच्या घरात. मग सरांची पुस्तकं: अडतीस किलो. सर काहीच बोलेनात. काकू म्हणाल्या, "दगडावरची अक्षरं वाचायला निघालाय ना, मग कागदाचं एवढं ओझं कशाला?" सरांनी एकेक पुस्तक उचलून, थोडं चाळून, बाजूला ठेवलं. त्याला दुपार गेली. नऊ किलो राहिली. त्यानंतर काकूंनी आपण होऊन सांगितलं, "ओटा पुढं घे. मी बाजूला उभी राहून करीन."

डब्याचा मागे आलेला दोन फूट भाग कापून टाकला. पलंग आडवा केला आणि पायाकडचा भाग दिवसा उचलता येईल असा बिजागरीवर घेतला. जाड प्लाय काढून सहा मिलीमीटरचं लावलं आणि मध्ये थर्मोकोल भरला. दुपारचा उकाडाही त्याने कमी झाला. डबा ४८० किलोवर आला. छताची टाकी गेली, तिच्या जागी चाळीस-चाळीस लिटरच्या दोन टाक्या केबिनला लागून, फरशीवर, आणि बारा व्होल्टची छोटी मोटर. ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या जागी १०० अँपिअर-तासाची एकच लिथियम फॉस्फेट बॅटरी, वजन बारा किलो. तिच्यात साधारण १,२८० वॉट-तास वीज मावते. घरच्या फ्रिजऐवजी इन्सुलिनपुरता बारा व्होल्टचा लहान फ्रिज, एक पंखा, दिवे आणि मोबाईल मिळून दिवसाला ६०० ते ७०० लागते, आणि स्वच्छ उन्हात छतावरचं २०० वॉटचं पॅनल तेवढी परत भरतं. इन्व्हर्टर काढूनच टाकला.

गॅसबद्दल वेगळं सांगतो, कारण ती चूक वजनापेक्षा भयंकर ठरली असती. पहिल्या डब्यात मी सिलिंडरच्या कप्प्याला वर जाळी दिली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो, वरच्या जाळीतून जात नाही. आणि शेजारी बॅटरीची ठिणगी. आता पाच किलोचा सिलिंडर आहे, कप्पा डब्याच्या आतून पूर्ण बंद, दार बाहेरून, आणि तळालाच मुठीएवढी दोन भोकं थेट रस्त्यावर उघडणारी. झोपताना रेग्युलेटर बंद. थंडी कितीही असो, ऊब घ्यायला शेगडी पेटवायची नाही, कारण बंद डब्यात कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. तो वायू साचला की वाजणारा भोंगा पलंगाच्या उशाशी लावला आहे.

कायद्याचं थोडक्यात. ही मालवाहू गाडी आहे, तेव्हा गाडी चालू असताना डब्यात कुणीही बसायचं नाही, झोपायचं तर अजिबात नाही. डबा कायमचा जोडून गाडीचं रूप बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. आम्ही डबा काढता येण्याजोगा ठेवला, चार टर्नबकलनी (फिरवून आवळायच्या पेचांनी) चासीला बांधलेला, आणि आधी आरटीओत जाऊन विचारून घेतलं. मर्यादेपेक्षा जास्त भाराला २०१९च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड आहे, वर दर जादा टनाला २,०००. हौद्याबाहेर आलेल्या भारालाही वेगळा दंड आहे. पहिला डबा त्यातही सापडला असता.

तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच काट्यावर गेलो. टाक्या भरलेल्या, सामान भरलेलं, दोघं केबिनमध्ये. एकूण २,५२०. पुढे १,०९०, मागे १,४३०. काटेवाला मला ओळखून होता, म्हणाला, "आता बैलांच्या मानेवर आलं बघा." त्या आजोबांची गोष्ट मी त्याला आधीच्या खेपेला सांगितली होती.

मग सर आणि मी जांबोटीच्या रस्त्याला तीच मोरी, तेच वळण, मुद्दाम अंधार पडल्यावर घेतलं. दिवे रस्त्यावर होते. स्टेअरिंग आधीपेक्षा जड लागत होतं, आणि सर म्हणाले, "हे जड बरं वाटतंय."

डिसेंबरच्या सुरुवातीला ते निघाले आणि एक्केचाळीस दिवस राहिले. मुक्कामाची जागा हाच रोजचा मोठा प्रश्न. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्याच्या बाजूला, रस्त्याकडेला रात्र काढायची नाही असं पहिल्यापासून ठरलं होतं. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण किंवा चोवीस तास चालणारा पेट्रोलपंप, आणि अंधार पडायच्या आत विचारून घ्यायचं. हलशी-नंदगडला सरांचे विद्यार्थीच निघाले. एम. के. हुबळीच्या पुढे काकूंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं माहेर बैलहोंगलचं. "ओंदु रात्री इरबहुदा री?" (एक रात्र राहू का हो?) म्हणून विचारलं की पुढची पाच मिनिटं माहेरच्या चौकशीत जात, आणि मग जागा मिळे. बारा वर्षं शेजारी राहून मी काकूंना इतकं कन्नड बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

सौंदत्तीला ते मार्गशीर्ष पौर्णिमेला पोचले, यल्लम्माच्या जत्रेत. जोगुळभावीच्या अंगाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो, आणि अजूनही थोड्या बैलगाड्या सोडलेल्या. कोल्हापूर, सांगली, बेळगावची कुटुंबं ट्रॉलीवर ताडपत्री टाकून चार-चार दिवस राहतात. चूल, पाणी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं त्यावरच. सरांनी मला फोटो पाठवले, देवळाचे नव्हेत, ट्रॉल्यांचे. प्रत्येक ट्रॉलीत पाण्याचं पिंप पुढच्या अंगाला, हुकाजवळ. खाली लिहिलं होतं, "बघ. यांना काटा लागत नाही."

ऐंशी लिटर पाणी दोघांना चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी पाण्यासाठी गावात शिरावंच लागायचं, आणि सरांच्या मते त्यामुळेच बऱ्याच ओळखी झाल्या. एकदा टायर फुटला, रामदुर्गजवळ, उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या खिळ्याने. बाकी गाडीने त्रास दिला नाही.

निघताना मी सरांना एक सवय लावली होती. रोज सकाळी सपाट जागेवर मागच्या टायर आणि मडगार्डमध्ये बोटं आडवी घालून बघायची. ते निघाले त्या दिवशी चार बोटं बसत होती. वजन घेण्याची ही काही शास्त्रोक्त रीत नाही, पण पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) किती बसलेत हे ती रोज सांगते, आणि रोज काटा कुठून आणणार?

सव्विसाव्या दिवशी बदामीहून सकाळी सातला फोन आला.

"अर्धं बोट कमी झालंय रे मागं. दोन्ही बाजूंनी."

मी विचारलं, "काय घेतलं काल?"

मागून काकूंचा आवाज आला, की ज्वारी चांगली मिळाली म्हणून दोन पोती घेतली, दाराशी ठेवलीत, पुढं जागा कुठं आहे. सरांनी फोन तसाच गाडीच्या बॉनेटवर ठेवला असावा. दार उघडल्याचा, पोतं फरशीवरून ओढल्याचा, काकूंनी "कंबर सांभाळा हो" म्हटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दम लागलेल्या आवाजात सर म्हणाले, "टाकीला टेकवून ठेवली. थांब, बघतो." आणि मग, "आता चारला थोडंच कमी आहे. चालेल?"

मी म्हणालो, "चालेल सर. पण रात्रीच्या आत एक पोतं कुणालातरी देऊन टाका."

"देतो," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.